माझ्या हातात ३१ तास होते

लैंगिक संबंधांनंतर घाबरून तपासणीला आलेल्या माणसाशी जे पहिल्यांदा बोलतात, त्या सर्व डॉक्टरांना, नर्सना, लॅबमधल्या आणि काउंटरवरच्या मंडळींना,

स. न. वि. वि.

शनिवारी रात्री अकराच्या सुमारास कंडोम फाटला. सोमवारी दुपारी चार वाजता मी तुमच्यापैकी एका डॉक्टरांसमोर बसले होते. मध्ये ४१ तास गेले होते. हा हिशोब मी तेव्हा केला नव्हता. नंतर केला, आणि इतक्या वेळा केला की आता तोंडपाठ आहे.

डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "पाळी कधी आली होती?" मी तारीख सांगितली. गर्भ राहू नये म्हणून त्यांनी एक गोळी लिहिली. मी चाचरत म्हटलं, "आणि बाकीचं काही... म्हणजे आजार वगैरे?" ते म्हणाले, "ते आत्ता तपासून काही कळत नाही. तीन महिन्यांनी या." चिठ्ठीच्या तळाशी त्यांनी तसं लिहिलंसुद्धा. पुढचा पेशंट दार अर्धं उघडून उभाच होता. मी उठले.

ते खोटं बोलले नाहीत, हे आधीच सांगते. ४१ तासांनी रक्त काढलं असतं तर त्या रात्रीचं त्यात खरोखरच काही दिसलं नसतं. पण आत्ता काय दिसेल आणि आत्ता काय करता येईल हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मला उत्तर मिळालं ते पहिल्याचं. दुसरा प्रश्न असतो हेच मला माहीत नव्हतं. त्यांना माहीत असायला हवं होतं.

करता येण्यासारखं होतं ते असं. एचआयव्हीचा संसर्ग झाल्याची शंका असेल तर ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी औषधं सुरू करता येतात आणि ती २८ दिवस रोज घ्यायची असतात. तुम्ही याला पेप म्हणता. विषाणू शिरलेल्या जागेपासून लसिकाग्रंथींपर्यंत आणि तिथून रक्तात सगळीकडे पसरायला थोडा वेळ घेतो, त्या फटीत ही औषधं त्याची वाट अडवतात. जितकी लवकर तितकी बरी. ७२ तास उलटल्यावर सुरू करण्यात अर्थ उरत नाही. मी तुमच्यासमोर बसले होते तेव्हा माझ्या हातात ३१ तास होते. पेप हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो गुरुवारी रात्री, अंथरुणात, फोनवर.

मला पेपची गरज होतीच, असं माझं म्हणणं नाही. कदाचित नव्हती. समोरच्याला एचआयव्ही आहे आणि तो औषधं घेत नाही असं धरलं, तरी योनिमार्गातल्या एका संबंधातून बाईला संसर्ग होण्याचा अंदाज दहा हजारांत सुमारे ८ असा सांगितला जातो. गुदमार्गातल्या संबंधात, आत घेणाऱ्यासाठी, हाच आकडा १३८ आहे. आणि तो माणूस नियमित औषधं घेत असेल, त्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत सापडत नाही इतका कमी झालेला असेल, तर लैंगिक संबंधांतून तो पुढे जातच नाही. म्हणजे तीन-चार प्रश्न विचारले असते तर माझी शंका किती मोठी आहे ते पाच मिनिटांत ठरलं असतं. मग "तुला औषधाची गरज नाही, कारण असं असं" एवढं डॉक्टर म्हणाले असते तरी मी निमूट घरी जाऊन झोपले असते. पण मला नकार मिळालाच नाही. नकार मिळायला आधी विषय निघावा लागतो.

त्या गुरुवारनंतरचे आठवडे कसे गेले ते लांबण लावून सांगत नाही. एकच गोष्ट सांगते. नव्या एचआयव्ही संसर्गात दोन ते चार आठवड्यांनी ताप, घसादुखी, अंगावर पुरळ असं होऊ शकतं, हे वाचल्यावर मी रोज सकाळी दात घासायच्या आधी टॉर्च लावून आरशात घसा बघायचे. एकदा पडजिभेच्या शेजारी लाल ठिपका दिसला. तो ठिपका मी चार दिवस मोजला. मोजला म्हणजे, तो एकच होता, तरी मोजला.

पहिली तक्रार तुमच्या लक्षात आलीच असेल. तुम्ही विचारत नाही. कंडोम फाटलेली बाई आली की तुम्हाला तिचं गर्भाशय दिसतं, आणि पुरुष आला की एचआयव्ही. गोळी दिली की बाईचा विषय संपला, एचआयव्ही निगेटिव्ह आला की पुरुषाचा. या दोन्हींच्या मधे केवढा तरी प्रदेश पडलेला आहे. आणि ज्या व्यक्तीवर जबरदस्ती झाली आहे तिच्यासाठीही घड्याळ तेच ७२ तासांचं असतं. ती व्यक्ती शब्द शोधत बसलेली असताना "तीन महिन्यांनी या" ऐकून परत जात असेल, तर माझी तक्रार तिच्यापुढे काहीच नाही.

दुसरी तक्रार या "तीन महिने"बद्दलच, आणि इथे मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण माझं जे नुकसान झालं ते इथे झालं.

तीन महिने हा आकडा हवेतून आलेला नाही. बोटाला टोचून जी झटपट चाचणी करतात, तिच्यावर एचआयव्हीसाठी पूर्ण भरवसा ठेवायला ९० दिवस जावे लागतात. सिफिलिसचं, म्हणजे ज्याला जुनी माणसं गरमी म्हणत त्याचं, पहिलं लक्षण १० ते ९० दिवसांत कधीही दिसू शकतं, साधारण तीन आठवड्यांनी. तेव्हा शेवटची, खात्रीची तपासणी तीन महिन्यांनी, हे बरोबर. पण ती शेवटची. तुम्ही तीच पहिली करून टाकलीत.

प्रत्येक संसर्गाचं पंचांग वेगळं आहे. क्लॅमिडिया आणि गोनोरिया (म्हणजे परमा) हे संबंधांतून पसरणारे जंतू साधारण दोन आठवड्यांनी स्वॅबमध्ये, म्हणजे कापसाच्या काडीनं घेतलेल्या नमुन्यात, किंवा लघवीत सापडतात. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली चौथ्या पिढीची एचआयव्ही चाचणी अँटिबॉडीबरोबर विषाणूचं पी-२४ हे प्रथिनही शोधते, म्हणून ती १८ ते ४५ दिवसांत उत्तर देते. थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी त्याहून आधी, १० ते ३३ दिवसांत. म्हणजे मी जे ९० दिवस टॉर्च घेऊन आरशासमोर काढले, त्यातले निम्मे तरी वाचले असते. हेपटायटिस बीची तर तऱ्हाच निराळी: तिथे वाट बघायचीच नसते. आधी लस घेतलेली नसेल तर ती लगेच द्यायची, २४ तासांत दिली तर सर्वांत उत्तम, कारण संसर्गानंतरही ती अडवू शकते. मी लहानपणी ती लस घेतली होती की नाही, हे मला कुणी विचारलं नाही. आईला फोन करून मीच विचारलं, आणि ती "का गं?" म्हणाली तेव्हा "ऑफिसात फॉर्म भरायचाय" असं ठोकून दिलं.

ठरल्याप्रमाणे तीन महिन्यांनी मी गेले. लॅबच्या काउंटरवर म्हणाले, "सगळ्या तपासण्या करायच्या आहेत." काउंटरवरच्या ताईंनी तपासणीला बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सगळ्या म्हणजे कसल्या?" मी म्हणाले, "एचआयव्ही." तेवढाच शब्द तोंडातून निघाला, तेवढीच चाचणी झाली. नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह. मी त्या कागदाची घडी पर्समध्ये घालून आठवडाभर हिंडले, आणि नंतर आयुष्यात आलेल्या मुलाला छाती फुगवून सांगितलं, "माझी तपासणी झालीय, सगळं व्यवस्थित आहे."

ते वाक्य खोटं होतं आणि मला ते माहीत नव्हतं.

त्या रात्रीनंतर पाच-साडेपाच महिन्यांनी माझं ओटीपोट दुखायला लागलं. मधूनच रक्ताचे डाग पडायचे. मी ते पाळीच्या खात्यावर टाकत गेले. शेवटी ताप आला तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली, दार लावून घेतलं आणि विचारलं, "गेल्या वर्षभरात क्लॅमिडियाची तपासणी झालीय का?" झाली नव्हती. झाली. पॉझिटिव्ह आली. संसर्ग गर्भनलिकांपर्यंत चढला असावा असं त्यांचं निदान होतं. एक इंजेक्शन आणि चौदा दिवसांच्या दोन प्रकारच्या गोळ्या. गोळ्यांनी तोंड कडू होतं, तेवढंच. बाकी इतक्या साध्या औषधानं जाणारा आजार. सुरुवातीला सापडला असता तर सात दिवसांच्या गोळ्यांत गेला असता. नलिकांवर व्रण राहिले आहेत का, पुढे मूल हवं असेल तेव्हा अडचण येईल का, हे आज कुणी सांगू शकत नाही.

त्या मुलाला मी फोन केला. त्याचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. कोणाकडून कोणाला, हे आता कधीच कळणार नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत माझा एक स्वॅब झाला असता तर कळलं असतं, आणि बहुधा प्रश्नच आला नसता. त्यानं फोनवर एकच विचारलं, "पण तू तर तपासून घेतलं होतंस ना?" याचं उत्तर मी काय द्यायला हवं होतं, डॉक्टर?

आपल्याकडे या सगळ्याला गुप्तरोग म्हणायची पद्धत आहे, आणि तो शब्द मला कधी आवडला नाही. पण क्लॅमिडियापुरता तो शब्दशः खरा निघाला. बहुतेक बायकांना त्याचं कसलंच लक्षण जाणवत नाही, पुष्कळ पुरुषांनाही नाही. म्हणून "काही त्रास होतोय का? नाही ना? मग कशाला काळजी करता," हे तुमचं आवडतं वाक्य इथे लंगडं पडतं. सिफिलिसचंही तसंच आहे. त्याचा पहिला फोड दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत औषधाशिवाय आपोआप भरून येतो. माणूस म्हणतो, गेलं एकदाचं. आजार कुठे गेलेला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयाच्या लोकांत क्लॅमिडिया, गोनोरिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनास या चार संसर्गांची मिळून ३७.४ कोटी नवी प्रकरणं झाली. चारही बरे होणारे आहेत. एवढी माणसं वाईट चालीची असतात, असं तुम्हालाही वाटत नसेल.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या वाट्याला आली नाही पण माझ्या एका मित्राच्या आली. तो पुरुषांशी संबंध ठेवतो. त्याची लघवी तपासली, निगेटिव्ह. गोनोरिया त्याच्या घशात होता. घशातला किंवा गुदाशयातला संसर्ग लघवीत दिसत नाही. जिथे संबंध आला तिथलाच स्वॅब घ्यावा लागतो. त्यासाठी संबंध कसा आला ते विचारावं लागतं. तुम्हाला ते विचारायला संकोच वाटतो, हे मी समजू शकते. पण मग तपासणी झाली असं म्हणू नका, अर्धी झाली म्हणा.

आणि याच्या उलट टोकाचे लोकही तुमच्यात आहेत. घाबरलेला माणूस दिसला की एका दमात पंधरा-वीस चाचण्यांचं पॅकेज पुढे करणारे. त्यात हटकून हर्पीसची, म्हणजे फोड आणणाऱ्या एका विषाणूची, आयजीएम नावाची रक्तचाचणी असते. ही चाचणी नव्या-जुन्या संसर्गातला फरक धड सांगत नाही, ओठांवर येणाऱ्या साध्या फोडांनाही कधी कधी होकार देते, आणि कुठलंही लक्षण नसलेल्या माणसाची ती करू नये असंच जाणकार सांगतात. फोड आला असेल तर त्या फोडाचा स्वॅब घ्या. तो खरं काय ते सांगेल. दुसरे काही जण काही न तपासताच अँटिबायोटिक लिहितात, "घेऊन ठेवा, सेफ साइड." गोनोरियाचा जंतू एकामागून एक औषधं पचवत आला आहे, हे आम्ही तुम्हाला सांगायचं म्हणजे लाजच आहे.

काउंटरवरच्या ताईंचं नाव मला माहीत नाही आणि त्यांच्यावर माझा रागही नाही. दिवसभर तेच तेच विचारून त्यांचा आवाज तसा झाला असेल. पण त्या एका प्रश्नानं माझ्या तीन चाचण्या हुकल्या. फॉर्मवर खुणा करायला चौकोन असते तर मला काही बोलावंच लागलं नसतं. योनीचा स्वॅब तर बाई स्वतःच बंद दाराआड घेऊ शकते, आणि तो डॉक्टरांनी घेतलेल्याइतकाच चालतो. इतकी सोपी सोय असताना आम्हाला चारचौघांत "कसल्या?" याचं उत्तर द्यायला का लावता?

माझी चूकही लपवत नाही. अख्खा रविवार मी घालवला. फोन हातात होता, तातडीची सेवा उघडी होती, आणि मी "उद्या बघू" म्हणत कपडे धूत बसले. ४१ पैकी वीस-बावीस तास माझ्या लाजेचे आहेत. ७२ मधले उरलेले ३१ मात्र मी तुमच्या टेबलावर आणून ठेवले होते.

तर माझं मागणं असं आहे.

अशा कारणानं आलेल्या प्रत्येकाला आधी "किती तास झाले?" हे विचारा. पाळीची तारीख त्यानंतर. ७२ तासांच्या आत असेल तर पेपचा विषय तुम्ही काढा, आम्ही काढायची वाट बघू नका. तुमच्याकडे ती औषधं नसतील तर कुठे मिळतील ते त्याच मिनिटाला सांगा आणि तिथे फोन करा. गरज नसेल तर का नाही, ते सांगा. गर्भ राहू नये म्हणून काय करायचं त्याचं उत्तरही पूर्ण द्या: लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असली तरी तांबी पाच दिवसांपर्यंत बसवता येते, आणि ती गोळीपेक्षा खात्रीची आहे. मला तिचं नावही कुणी सांगितलं नाही.

पेशंटच्या हातात तारखा लिहिलेला कागद द्या. "दोन आठवड्यांनी, साडेसहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी" असं मोघम नको. त्याच्या त्या रात्रीपासून मोजून खरी तारीख घाला, समोर त्या दिवशी कोणती चाचणी ते लिहा, आणि मधल्या काळात कंडोम वापरायचा, रक्तदान करायचं नाही, हेही. रिपोर्टवर कशाची तपासणी झाली त्याबरोबर कशाची झाली नाही, तीही ओळ हवी. ती ओळ असती तर मी ते फुशारकीचं वाक्य बोलले नसते.

शरीराचा कुठला भाग संबंधात आला ते सरळ विचारा, हवं तर छापील फॉर्मवर विचारा. काउंटरवर कारण मोठ्यानं विचारणं आजपासून बंद करा. याला ना निधी लागतो, ना ठराव. पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला जोडीदाराशी बोलायला मदत करा. काय बोलायचं, सात दिवस संबंध का टाळायचे, दोघांनी एकाच वेळी औषध का घ्यायचं, हे त्याला एकट्यानं फोनवर शोधायला लावू नका. मी तो फोन लावण्याआधी वहीत वाक्यं लिहून काढली होती. तिसऱ्या वाक्याला रडू फुटलं आणि वही बाजूला राहिली.

तुमच्या बाहेरच्या रांगा मी पाहिल्या आहेत. एका पेशंटला किती मिनिटं मिळतात तेही. वर जे मागितलं त्यातलं बरंचसं एकदा छापून ठेवलं की पुढे मिनिटभराचंही काम नाही.

त्या दुसऱ्या डॉक्टर बाईंनी उपचार संपल्यावर मला सांगितलं, "तीन महिन्यांनी परत ये." मी दचकले. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. म्हणाल्या, "क्लॅमिडिया एकदा होऊन गेला की पुन्हा होणाऱ्यांचं प्रमाण बरंच असतं, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. आजच तपासलं तर मेलेल्या जंतूंचे अंशही पॉझिटिव्ह दाखवतील, म्हणून आज नाही." मग त्यांनी कॅलेंडर बघितलं आणि चिठ्ठीवर तारीख घातली. मंगळवार आहे. मी सुटी टाकली आहे.

आपली,
एक पेशंट